७५ सेंटचा घोळ आणि दर पाच मिनिटांनी चालणारा प्रोग्राम

'आपला सर्व्हर लिनक्सवर आहे, तो हॅक होत नाही' हे अजून ऐकायला मिळतं, तेही आयटीतल्या लोकांकडून. लिनक्स ज्या युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वळणावर गेलंय, त्या युनिक्सवर १९८६ साली काय झालं ते ऐका.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये कॉम्प्युटर वापरला की बिल लागायचं. एकदा दोन प्रोग्राम्सच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आला. क्लिफर्ड स्टोल हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ, त्याला म्हटलं बघ जरा, आणि त्यातून निघाला घुसखोर.

आता तो रूट कसा झाला, हा खरा भारी भाग. रूट म्हणजे सिस्टीमचा सर्वेसर्वा. काही प्रोग्राम सेट-यूआयडी असतात, म्हणजे चालवता तुम्ही पण अधिकार त्याच्या मालकाचे, पासवर्ड बदलायचा प्रोग्राम असाच असतो कारण पासवर्डची फाइल साध्या युजरला लिहिता येत नाही. तिथे इमॅक्स एडिटरबरोबर मूव्हमेल नावाचं पिल्लू आलं होतं, काम काय तर आलेली मेल इकडची तिकडे करायची, पण चालायचं रूटच्या अधिकाराने, आणि फाइल कुठे टाकतोय ते तपासायचंच नाही! सिस्टीम दर पाच मिनिटांनी ॲट-रन नावाचा प्रोग्राम रूट म्हणून चालवायची. गड्याने त्याच नावाचा स्वतःचा प्रोग्राम मूव्हमेलने तिथे नेऊन ठेवला आणि वाट बघितली, सिस्टीमनेच त्याला रूट करून टाकलं. मग जुना ॲट-रन परत जागेवर. रूटचा पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही.

रूट झालेला माणूस लॉगमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीतल्या, आपल्या नोंदी पुसू शकतो. म्हणून स्टोलने बाहेरून येणाऱ्या लाइन्सनाच प्रिंटर जोडले, कागदावरचं कोण पुसणार? माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला, माहिती केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याला, विकली जात होती.

आज प्रिंटरऐवजी लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवतात, महत्त्वाच्या फाइल्सचे हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून बाहेर ठेवतात. यातलं काही न करता दसऱ्याला सर्व्हरच्या रॅकला झेंडूचा हार घालणं आणि 'एआय पॉवर्ड सिक्युरिटी'चं स्टिकर लावणं, दोन्हीचा उपयोग सारखाच.

फाइंड कमांडने सेट-यूआयडी फाइल्सची यादी काढून बघा. सु, सुडो, माउंट ही सिस्टीमचीच मंडळी असणारच. टेम्प (तात्पुरत्या फाइल्सच्या) किंवा कुणाच्या होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीचं असं काही दिसलं तर आधी नेटची वायर काढा, चौकशी मग.