गुडघ्यातलं वंगण आणि सायकलचं सीट

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसानं सोलापुरात पुन्हा सायकल काढली की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "कशाला बे आता सायकल? गुडघ्यातलं वंगण संपतंय की!" बोलणारा काळजीपोटीच बोलतो. पण त्यामागची समजूत अशी की गुडघ्यात ठरावीक तेल भरून आपण जन्माला येतो आणि गुडघा जितका चालवू तितकं ते जळत जातं.

निरोगी गुडघ्यातला द्रव मुळात चमचाभरसुद्धा नसतो. सांध्याचं आतलं अस्तर तो सतत तयार करतं आणि जुना शोषून घेतला जातो तोही तिथेच. झिजून सुजलेल्या गुडघ्यात तर तो बऱ्याचदा वाढलेला असतो. डॉक्टर सुईनं 'पाणी काढतात' ते हेच. बिघडतो तो त्याचा कस. त्यातल्या हायलुरॉनिक आम्लाचे लांबलचक रेणू तुटून आखूड होतात आणि द्रव पातळ पडतो. भेंडीचं पाणी किंवा बाभळीच्या शेंगांची पूड यावर उपाय म्हणून व्हॉट्सॲपवर फिरत असते. भेंडीचा बुळबुळीतपणा आतड्यापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. गुडघ्याकडे जाणारी वाट त्याला नाही. चोळायचं तेलही कातडीखालच्या सांध्यात उतरत नाही. चोळल्यानं बरं वाटतं, एवढं खरं.

गुडघ्याचं खरं मर्म आहे कूर्चेत. हाडांच्या टोकांवरचा हा गुळगुळीत थर अवघा काही मिलिमीटर जाडीचा. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. मग तो जगतो कसा? थराचा बहुतांश भाग पाणी आहे, साधारण ७० ते ८० टक्के. भार पडला की थोडं पाणी पिळून बाहेर येतं, भार उतरला की परत आत ओढलं जातं. अन्नाचे लहान रेणू एरवीही झिरपत पोचतात, पण मोठ्या रेणूंना या ये-जा करणाऱ्या पाण्याचा हात लागतो. शिवाय भार पडताक्षणी आत कोंडलेल्या पाण्याचा दाबच बराचसा भार उचलतो, घन भागावर थोडाच येतो, म्हणून घर्षण बर्फावर बर्फ घासावा त्याहूनही कमी राहतं. माणूस एका जागी बराच वेळ उभा राहिला तर हे पाणी हळूहळू निघून जातं आणि घर्षण वाढतं. म्हणजे कूर्चेला दाब हवा, पण सोडून-सोडून. पायडलच्या प्रत्येक फेरीत नेमकं हेच घडतं. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. सपाट रस्त्यावर बेतानं सायकल चालवताना तो जेमतेम वजनाइतका, कारण धड सीटवर टेकलेलं असतं.

तरीही आठ दिवसांत अनेकांचा गुडघा पुढून, वाटीपाशी दुखू लागतो. दोष बहुधा सीटच्या उंचीचा असतो. पडण्याच्या भीतीनं आपण सीट इतकं खाली घेतो की बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. मग गुडघा पूर्ण फेरीत दुमडलेलाच राहतो. मांडीचा स्नायू वाटीला वरून ओढतो, खालचा कंडरा (दोरीसारखा चिवट पट्टा) तितक्याच जोरानं खाली. दोन्ही ओढी सरळ रेषेत असतील तर वाटी मांडीच्या हाडावर दाबली जात नाही. गुडघा वाकला की जाते. ओढ F आणि वाक θ धरली तर ढोबळमानानं दाब = २F × साइन(θ/२). वाक ३० अंश असेल तर दाब ओढीच्या निम्मा, १०० अंशांना दीडपट. (प्रत्यक्षात जास्त वाकल्यावर वाटीच्या वरचा कंडरा मांडीच्या हाडाला टेकतो, त्यामुळे आकडा थोडा उतरतो.) सूत्र नको असेल तर एवढंच धरा : त्याच जोरानं दाबलेलं पायडल खाली घेतलेल्या सीटवरून वाटीला कितीतरी महाग पडतं.

योग्य उंची काढायला मोजपट्टी लागत नाही. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक आपोआप उरतो. या उंचीवर बसून जमिनीला फार तर बोटं टेकतात, म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करावी लागते. ती नकोच वाटत असेल, तर पायडल सीटच्या बरेच पुढे असलेल्या सायकली मिळतात. त्यांवर पाय पुरेसे लांबतात आणि टेकतातही.

आडव्या दांडीवरून टांग टाकणं जड जात असेल तर खाली झुकलेल्या दांडीची सायकल घ्यावी. आपल्याकडे पुरुष तिला 'लेडीज सायकल' म्हणून हात लावत नाहीत. कमरेच्या सांध्याला हा अभिमान कळत नाही. गिअर हवेतच. गिरणीच्या भोंग्यावर पाळी गाठणाऱ्यांच्या काळ्या सायकलला एकच गिअर असायचा. समोरून वारा आला की उभं राहून पायडल मारायचं. साठीत हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवा, मिनिटाला ६०-७० फेऱ्या; काम तेवढंच होतं, एकेका दाबाचा जोर कमी होतो. हँडल सीटइतकं किंवा वर, टायर रुंद, हवा दगडासारखी नको. फार मऊ, जाड सीटचा मोह टाळा : बैठकीची हाडं त्यात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो.

गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकत असेल तर आधी डॉक्टर. एरवी विजापूर रोडला कंबर तलावापर्यंत पहाटे जाऊन यायला हरकत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत परतायचं. आणि आजवर सीट खाली ठेवून चालवत आला असाल तर एका दिवसात वर नेऊ नका. पाना घेऊन आठवड्याला अर्धं बोट चढवा, दर वेळी सीटखालच्या दांड्यावर पेननं खूण करा. दांड्यावर कंपनीनं कोरलेली शेवटची रेघ मात्र नळीच्या आतच राहू द्या. ती बाहेर आली तर दांडा वाकतो किंवा तुटतो.