पाठवण्याआधीची वीस मिनिटं

एखादी कमेंट किंवा मेसेज वाचून डोकं तापलं, तर उत्तर पाठवण्याआधी निदान वीस मिनिटं थांबावं. राग आला की रक्तात उतरणारं अॅड्रिनलिन हे संप्रेरक फार टिकत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ‘राग ९० सेकंदांत ओसरतो’ असे फॉरवर्ड फिरतात, ते बहुधा असल्याच हिशेबावर. पण ताण पुरेसा असेल तर मूत्रपिंडांवरच्या ज्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन येतं, त्यांतूनच कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरकही सुटतं आणि ते साधारण २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोचतं. छातीतली धडधड थांबली, बोटं स्थिर झाली, ‘आता मी अगदी शांतपणे लिहितोय’ असं वाटू लागलं, तरी शरीर अजून सावधच असतं. सगळ्यात बोचरी उत्तरं या बनावट शांततेत लिहिली जातात, असं आमचं मत.

त्यात उसनी उत्तेजनाही मिसळते. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की एका कारणाने चढलेला पारा दुसऱ्याच गोष्टीच्या खात्यावर जमा होतो. लोकलमध्ये धक्के खाऊन घरी आलेल्या माणसाला सोसायटीच्या ग्रुपवरचा पार्किंगचा मेसेज दुप्पट उद्धट वाटतो, तो म्हणूनच.

मग आधी मन मोकळं करून टाकावं का? मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर हे तपासलं. निबंधावर अपमानास्पद शेरा मिळालेल्या या मुलामुलींपैकी काहींनी शेरा देणाऱ्याला आठवत बॉक्सिंगच्या बॅगवर ठोसे मारले, तर काही दोन मिनिटं नुसते गप्प बसले. ठोसे मारणारे सगळ्यात चिडलेले राहिले. आक्रमकता सगळ्यात कमी दिसली ती गप्प बसलेल्यांत. पुढे २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातही शरीर शांत करणारे उपाय लागू पडले. धावण्याने मात्र राग कमी होईना, उलट वाढण्याकडेच कल दिसला.

म्हणजे नुसतं थांबून भागत नाही. थांबलेल्या वेळात ती कमेंट पाच वेळा उघडून वाचली, तिचा स्क्रीनशॉट मैत्रिणीला पाठवून ‘बघ काय लिहिलंय’ म्हटलं, की घड्याळ पुन्हा शून्यावर.

लिहायचंच असेल तर उत्तराच्या चौकटीत लिहू नका, कारण तिथे अंगठा आणि पाठवण्याचं बटण यांत बोटभराचंही अंतर नसतं. नोट्समध्ये लिहा. ईमेल असेल तर पत्त्याचा रकाना रिकामा ठेवा. मग संभाषण बंद करून नाडी मोजा: १५ सेकंदांचे ठोके गुणिले चार. नेहमीपेक्षा १५-२०ने जास्त असेल तर चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे पाच मिनिटांत ३० श्वास घ्या. भर लांब उच्छ्वासावर हवा. तेव्हा व्हेगस चेतातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. काही जण जोरजोरात खोल श्वास घेतात आणि चक्कर आली की उपायालाच नावं ठेवतात. नंतर ‘मला अपमान वाटला’ किंवा ‘मला भीती वाटतेय’ असं एक वाक्य कागदावर लिहा. भावनेला नाव दिलं की मेंदूत धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डला या भागाची हालचाल मंदावते, हे स्कॅनमध्ये दिसलं आहे. उरलेली मिनिटं भांडी घासा, कुकर लावा. हात गुंतवणारं, पण दम न लावणारं काहीही चालेल.

परतल्यावर मसुदा मोठ्याने वाचा, शक्यतो सपाट आवाजात. २००५च्या एका प्रयोगात ईमेलमधलं वाक्य उपरोधाचं आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते ओळखता आलं ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासंच बरं. टोमणे तेवढे काढले तरी पुष्कळ मजकूर आपोआप गळतो.

थांबायला कुणी बाहेरून सांगितलं तरी फरक पडतो. ट्विटरने २०२१मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, ‘पाठवण्याआधी पुन्हा बघायचंय का?’ एवढं विचारल्यावर ३४ टक्के लोकांनी उत्तर बदललं किंवा पाठवलंच नाही.

चूक झाल्यावरच्या सोयी मात्र तोकड्या आहेत. जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घ्यायला सुरुवातीला पाचच सेकंद मिळतात. सेटिंगमध्ये जाऊन ते ३० करून घ्या. व्हॉट्सअॅपवर १५ मिनिटांपर्यंत मजकूर बदलता येतो, पण बदल केल्याची खूण तिथे राहते. पुसून टाकलेल्या मेसेजच्या जागीही तो पुसल्याची ओळ उरते आणि ती बघून ग्रुपमधलं कुणीतरी विचारतंच, ‘काय होतं?’