पार्श्वभूमी : दिव्यांग मूल, इंग्रजी माध्यम आणि नागपूरच्या शाळा

दिव्यांग मुलांना शाळेत मिळणारी मदत आणि घरी इंग्रजी नसलेल्या मुलांना लागणारी मदत, या दोन्हींचा नागपुरातला प्रवास वेगवेगळ्या वाटांनी झाला. पहिल्या वाटेवर उशिरा का होईना कायदे आले, विशेष शिक्षक आले, परीक्षेतल्या सवलती आल्या. दुसऱ्या वाटेवर पालकांची धडपड आणि शिकवणी वर्ग यापलीकडे फारसे काही आले नाही. आज सर्वाधिक हाल होतात ते दोन्ही वाटांच्या मधे सापडलेल्या मुलांचे.

शंकरनगरची मूकबधिरांची शाळा आणि दक्षिण अंबाझरी मार्गावरची अंधशाळा शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. दिव्यांग मूल म्हणजे वेगळी शाळा, हीच तेव्हाची समजूत. १९७४ ची केंद्राची एकात्म शिक्षण योजना आणि पुढे अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा यांनी साध्या शाळांची दारे किलकिली केली. त्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण, त्यांत नव्हती. महाराष्ट्राने मात्र १९९६ मध्येच अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. तपासणीची सोय तेव्हा मुख्यतः मुंबईत होती, त्यामुळे विदर्भातल्या मुलांपर्यंत त्या पोहोचायला बराच काळ गेला.

भाषेचे म्हणाल तर १९५६ पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा दुभाषिक राज्याची राजधानी होते. महापालिकेच्या मराठी, हिंदी आणि उर्दू शाळा त्याच वारशातल्या. २००० साली राज्याने मराठी शाळांत पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. मग काही विषय इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजी वर्ग आले, गल्लोगल्ली कॉन्व्हेंट निघाले. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर मजुरांची, ऑटोचालकांची मुले इंग्रजी शाळांत दाखल झाली. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलेही त्याच वंचित गटात आली. आदिवासी मुलांना शासनाच्या खर्चाने 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळांत पाठवण्याची योजनाही आली. दार उघडले गेले ते चांगलेच झाले. पण आत गेल्यावर ही मुले इंग्रजी शिकणार कशी, याची तरतूद यांपैकी कुठल्याच योजनेने नीट केली नाही.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यादीत आली. खरा पेच इथून सुरू होतो. ज्या भाषेत शिकवले जाते तीच मुलाला पुरेशी येत नसेल, तर त्याच्या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणू नये, असे वैद्यकीय निकष सांगतात. निकष रास्त आहे. भाषा आली नाही एवढ्यावरून कुणा मुलावर शिक्का बसू नये. पण कॉन्व्हेंटमधल्या चौथीच्या वर्गात हा निकष लावायचा कसा? फळ्यावरच्या सहा ओळी मूल वळणदार अक्षरात वहीत उतरवते. वाचून दाखव म्हटले की पहिल्याच ओळीत थांबते. घरी मराठी किंवा हिंदी, इंग्रजी फक्त वर्गात. हा दोष वाचनाचा की भाषेचा?

जाणकार शिक्षक अशा वेळी मुलाला मराठी वाचायला देतात. अडचण फक्त भाषेची असेल, तर मूल मराठी उतारा बऱ्यापैकी वाचते आणि 'बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पुट का' इथे अडते. अक्षमता असेल तर ते देवनागरीतही अडखळते. वेलांट्या उलटतात, काने-मात्रे गळतात, जोडाक्षर फुटते. म्हणून दोन्ही भाषांत तपासायला हवे. केजीपासून इंग्रजीत असलेल्या या मुलांना देवनागरी मात्र अनेकदा कुणी नीट शिकवलेलीच नसते. मग तुलना करायची कशाशी?

निर्णय कुठल्याही बाजूला चुकला तरी नुकसान मुलाचेच होते. अक्षमता असलेल्याला 'इंग्रजी कच्चे आहे, ट्यूशन लावा' असे सांगून परत पाठवले जाते. ज्याची अडचण फक्त भाषेची आहे त्याला प्रमाणपत्र मिळाले, तर सवलत म्हणून तो एक भाषा सोडतो. इंग्रजी माध्यमात सुटते ती मराठी नाहीतर हिंदी, म्हणजे त्याची घरची भाषा. शिवाय केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देण्याचे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याचे ठरवले होते. पहिली-दुसरीची कोवळी वर्षे तोवर निघून गेलेली असतात. प्रमाणपत्राची वाट न पाहता, वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिलीपासूनच मदत मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्रौढांच्या परीक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसाच विचार केला. लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असा तो निकाल होता.

शिक्षकांचा प्रश्न त्याच वर्षी न्यायालयापुढे आला. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे ठरले. तोवर महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षे कंत्राटी विशेष शिक्षक करत होते, शाळाशाळांत फिरून, तुटपुंज्या मानधनावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने समूह केंद्रांच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटांच्या, स्तरावर विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण केली. स्थैर्य आले, हे मोलाचेच. पण न्यायालयाने मुले मोजली होती आणि राज्याने केंद्रे. एका केंद्रात दहाच्या वर शाळा असू शकतात. शिवाय यांतले बरेच शिक्षक श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा बौद्धिक अक्षमता अशा एकाच शाखेत प्रशिक्षित असतात. ब्रेलमध्ये तरबेज असलेल्या शिक्षिकेसमोर मुख्याध्यापक इंग्रजी न वाचणारे मूल आणून बसवतात, तेव्हा तिच्या प्रशिक्षणात त्यावर उत्तर नसते.

मुलाचे शिक्षण शक्य तोवर मातृभाषेत व्हावे, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या नोंदीत मातृभाषेचा रकानाही आहे आणि शाळा तो भरतात. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर करायची ते, मात्र पटसंख्येवर ठरते. घरी हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलणारी किती मुले इंग्रजी वर्गात बसली आहेत, याचा त्या हिशोबाशी संबंध नसतो.