विदर्भाच्या मतदानाचा फॉर्म कुठं भेटते?

आधीच सांगून देतो, असा कुठलाच फॉर्म नाही. मी गावात ऑनलाइनचं दुकान चालवतो म्हणून लोक मलाच विचारतात. मधीमधी वेगळ्या विदर्भ राज्याची गोठ निघते, कोणी नेता भाषण देते, मंग ग्रुपवर फिरते की आता जनमत होणार, म्हणजे वेगळं राज्य पाहिजे का यावर लोकांचं मतदान, नाव नोंदवा, अन् सकाळी एखादा भाऊ आधार कार्ड घेऊन दुकानात हजर, माझं नाव टाक बावा विदर्भात. नाव कुठं टाकायचं ते खाली सांगतोच, पण मतदार यादीत नाव टाकायचे किंवा बदलायचे फॉर्म दोनच, सहा नंबर अन् आठ नंबर. बाकी कोणी जनमत नोंदणीची लिंक पाठवून ओटीपी मागितला तं देऊ नका.

आता कायद्याचं थोडक्यात. आपल्या देशात राज्य वेगळं करायला जनमत लागतच नाही. घटनेचं कलम ३ आहे, त्यात राष्ट्रपतींच्या शिफारशीनं विधेयक संसदेत येते, त्याआधी राज्याच्या विधानसभेचं मत मागवतात, पण ते मानलंच पाहिजे असं काही नाही. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेनं विधेयक नाकारलं होतं, तरी २ जून २०१४ ला तेलंगणा झालंच. राज्यांची फेररचना कशी करायची ते पाहणाऱ्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्येच वेगळं विदर्भ सुचवलं होतं, ते दिलं नाही, अन् तेव्हाबी आपल्या आज्या-आजोबाला कोणी विचारायला आलं नाही. श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे सरकारचे मुख्य वकील असताना विदर्भावर जनमत घ्या म्हणाले, त्यावर गदारोळ झाला, पुढं वेगळ्या मराठवाड्याचंबी बोलले तेव्हा मार्च २०१६ मध्ये राजीनामाच द्यावा लागला.

पण समजा उद्या घेतलंच. अशक्य नाही ते, गोव्यात झालंय. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यानं महाराष्ट्रात यायचं का वेगळं राहायचं यावर मतदान झालं, त्यासाठी संसदेनं वेगळा कायदा केला, महाराष्ट्रात यायचं तं फूल अन् नाही यायचं तं दोन पानं अशी चिन्हं होती, दोन पानं ३४ हजारांच्या फरकानं जिंकली. गोव्याच्या यादीत ज्याचं नाव त्यालाच मत होतं. मुंबईत नोकरीला असलेला गोवेकर, घर म्हापशाला, मायबाप म्हापशाला, तरी त्याला मत नाही.

हीच खरी भांडणाची जागा आहे. पानठेल्यावर विदर्भ पाहिजे का नको यावर तेवढं भांडण होत नाही जेवढं मत कोणाला यावर होते. एक म्हणते पुण्याला हिंजवडीत बसलेल्या पोट्ट्यांना मत पाहिजे, ते काय हौसेनं गेले का, इथं काम नाही म्हणूनच तं गेले. दुसरा म्हणते अरे त्यांना तिथं मेट्रो आहे, इथं लोडशेडिंग आपण भोगतो. तिसरा म्हणते जिनिंगमध्ये वीस वर्षांपासून काम करणारा बिहारी, त्याचं काय, त्याचे लेकरं तं आपल्यापेक्षा चांगली वऱ्हाडी बोलतात.

जगात यावर दोन पद्धती दिसतात. स्कॉटलंडनं १८ सप्टेंबर २०१४ ला मतदान घेतलं, ते वेगळ्या देशासाठी होतं, आपलं राज्यासाठी, एवढा फरक ध्यानात ठेवा. तिथं नियम राहण्याचा होता. जो स्कॉटलंडमध्ये राहते अन् यादीत आहे त्याला मत, वय १६ पासून पुढं, ब्रिटिश, आयरिश, युरोपियन युनियनचा नाहीतर राष्ट्रकुल देशाचा नागरिक. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणजे यवतमाळचं एखादं पोट्टं व्हिसा घेऊन ग्लासगोला शिकायला राहिलं असतं अन् त्यानं २ सप्टेंबरच्या आत नाव नोंदवलं असतं तं त्याला मत भेटलं असतं, पण एडिंबराला जन्मून लंडनला स्थायिक झालेल्या माणसाला नाही. शॉन कॉनरी, जुना जेम्स बाँड, आयुष्यभर स्वतंत्र स्कॉटलंडचा प्रचार केला, पण राहत होते बहामात, त्यांना मत देता आलं नाही. ८४.६ टक्के मतदान झालं, नाही म्हणणारे ५५.३ टक्के, हो म्हणणारे ४४.७.

दुसरी पद्धत जन्माची. पूर्व तिमोरमध्ये ३० ऑगस्ट १९९९ ला इंडोनेशियापासून वेगळं व्हायचं का यावर संयुक्त राष्ट्रांनी मतदान घेतलं, तिथं वय १७ पूर्ण पाहिजे अन् जन्म तिथला, नाहीतर मायबापापैकी एकाचा जन्म तिथला, नाहीतर नवरा-बायको तिथली. कुठं राहता याला महत्त्व नाही, बाहेरच्या देशात पळून गेलेल्यांसाठी तिथंच केंद्रं लावली. तिथं ते बरोबरच होतं, कारण इंडोनेशियानं ताबा घेतल्यावर लोक जीव वाचवून गेले अन् बाहेरचे आणून बसवले, मंग फक्त राहणाऱ्याला मत दिलं असतं तं ताबा घेणाऱ्याचंच फावलं असतं. न्यू कॅलेडोनिया हे फ्रान्सच्या ताब्यातलं बेट, तिथं स्वतंत्र व्हायचं का याच्या मतदानात फ्रान्सनं मधला रस्ता काढला, बाहेरून आलेल्याला सलग २० वर्षं राहण्याची अट, तीबी २०१४ च्या शेवटापर्यंत पुरी झालेली पाहिजे.

माझं मत विचाराल तं विदर्भात स्कॉटलंडचाच नियम बरोबर. इथं कोणी कोणाला बंदुकीनं हाकललं नाही. अन् जन्माचा नियम लावला तं वऱ्हाडात सून होऊन आलेली खानदेशची बाई, जी तीस वर्षांपासून इथल्या वावरात कापूस वेचते, तिला आधी लग्नाचा दाखला शोधत फिरावं लागेल. पण माझं मत जाऊ द्या, कारण आपल्या देशात सरकारी मतदान म्हटलं की विधानसभेचीच मतदार यादी काढतील, अन् त्या यादीचा नियम राहण्याचाच आहे. म्हणून भांडण करायच्या आधी आपलं नाव कुठं आहे ते पहा.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम १९ अन् २०. भारताचा नागरिक, वय १८ पूर्ण, अन् त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा. या 'राहणारा'वर सगळे अडकतात. गावात वाडा आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी होत नाही, कलम २० मध्ये सरळ लिहिलंय की घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी धरायचा नाही. उलटं, काही दिवस बाहेर गेला म्हणून हक्क जातबी नाही. मिरची तोडायला तेलंगणात जाणारे, वीटभट्टीवर जाणारे, चार महिन्यांनी घरी परत येतात, त्यांचं नाव गावातच राहणार, कोणी कापतो म्हटलं तं हे कलम दाखवा. होस्टेलवरच्या पोरापोरींना दोन्हीपैकी एक जागा निवडता येते, गाव नाहीतर होस्टेल. पण पुण्यात संसार थाटला, लेकरं तिथल्या शाळेत, अन् गावाकडं दिवाळीला येता, तं नाव पुण्यातच पाहिजे. दोन्हीकडं ठेवणं कायद्यात बसत नाही, अन् फॉर्मवर खोटं लिहिलं तं एक वर्षापर्यंत कैद नाहीतर दंड, किंवा दोन्ही. सरपंचकीच्या निवडणुकीत गाड्या भरून मतदार आणणाऱ्यांनी हे जरा मोठ्यानं वाचावं.

फॉर्म सहा हा पहिल्यांदा नाव टाकायचा. वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या तारखेला १८ पुरे पाहिजे. १७ पूर्ण झालेल्यांचा अर्ज आधीच घेऊन ठेवतात. कागद म्हणाल तं एक फोटो, वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं सर्टिफिकेट यातलं एक, अन् पत्त्यासाठी आधार, बँकेचं नाहीतर पोस्टाचं चालू पासबुक, लाइट बिल, गॅसचं किंवा पाण्याचं बिल, रजिस्टर भाडेकरार, जमिनीचा महसुली कागद, यातलं एक. बिल घरातल्या माणसाच्या नावाचं चालते. ज्याच्याकडं पत्त्याचा काहीच कागद नाही, उघड्यावर राहते, त्याच्यासाठी बीएलओनं, म्हणजे गावाची मतदार यादी सांभाळणाऱ्या माणसानं, रात्री जाऊन पाहायचं असते की माणूस खरंच तिथं झोपते का, तेवढ्यावर नाव लागते. घरातल्या एका मतदाराचा कार्ड नंबर संगं आणा, म्हणजे नाव त्याच यादी भागात बसते.

फॉर्म आठ म्हणजे जागा बदलली, नावात चूक आहे, कार्ड हरवलं. लग्न होऊन आलेल्या सुना यातच येतात. पुष्कळ जणी इथं नवीन फॉर्म सहा भरतात अन् माहेरच्या यादीतलं नाव तसंच राहते, मंग दोन ठिकाणी नाव निघते अन् नोटीस येते. सासरच्या पत्त्याचं आधार करून घ्या, जुन्या मतदान कार्डाचा नंबर टाका अन् फॉर्म आठ भरा. मेलेल्या, सोडून गेलेल्या माणसाचं नाव काढायला फॉर्म सात.

जुनी नावं राहिली तं काय बिघडते म्हणाल, तं दारूबंदीचं मतदान पहा. आपल्याकडं कायद्यानं होणारं खरंखुरं जनमत म्हणजे हेच, वर्धा-गडचिरोलीत जिल्हाबंदी आहे, पण यवतमाळ-अमरावतीकडं परवान्याचं दुकान गावातून हटवायचं तं याच रस्त्यानं जावं लागते. यादीतल्या २५ टक्के बायांच्या सह्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडं, सह्यांची पडताळणी, मंग गुप्त मतदान, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. अन् आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत, आलेल्यांच्या निम्मी नाही. समजा यादीत ६०० बाया, त्यातल्या १५० मेलेल्या नाहीतर लग्न होऊन गेलेल्या. राहिल्या ४५०. त्यातल्या २९० मजुरी पाडून आल्या अन् सगळ्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरी दुकान चालूच, कारण लागतात ३०१. न आलेली बाई, मेलेली बाई, सुरतेला गेलेली बाई, सगळ्या उभ्या बाटलीच्या कामी येतात. म्हणून सह्या गोळा करायच्या आधी यादी हातात घ्या, घरोघरी फिरा अन् फॉर्म सात-आठ भरून टाका. दुकानदाराच्या माणसाला हा हिशोब पक्का माहीत असते, तो यादी साफ करायच्या भानगडीत पडत नाही.

फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत, सरकारी फी शून्य आहे. निवडणूक आयोगाचं ॲप, आयोगाची वेबसाइट, नाहीतर सरळ बीएलओ, तो म्हणजे बहुतेक गावातलाच मास्तर किंवा अंगणवाडीताई. दुकानात भरला तं आम्ही आमची मेहनत अन् प्रिंटचे घेऊ, पण घरी पोट्ट्याच्या मोबाइलवरबी होते. अर्जाचा नंबर लिहून ठेवा, त्याच्यावरूनच पुढं कुठं अडकलं ते दिसते, नंबर नसला तं मी काय अन् तहसीलवाला काय, दोघंही हात वर करू. काही अडलं तं १९५० वर फोन लावा. नाव नाकारलं तं आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडं अपील करता येते, तिथंबी नाही जमलं तं ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडं.

अन् फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा आणा. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला चालत नाही.