कागदावर लावलेली जोड

१९६९ च्या उन्हाळ्यात मायामीतल्या एका स्टुडिओत बॉक्सिंगची रिंग मांडली होती. प्रेक्षक नव्हते, गर्दीचा आरडाओरडा नंतर चढवायचा होता. एका कोपऱ्यात ४५ वर्षांचा माजी जगज्जेता रॉकी मार्सियानो. निवृत्त होऊन १३ वर्षं झालेली, या कामासाठी घाम गाळून २० किलोंच्या वर वजन उतरवलेलं, आणि टक्कल झाकायला डोक्यावर टोप. समोर २७ वर्षांचा मुहंमद अली. लढायच्या वयाचा, पण लढायला बंदी असलेला. दोघं एकेका मिनिटाच्या फेऱ्या खेळत होते, अशा सत्तरच्या वर फेऱ्या चित्रित झाल्या. डोक्याकडे येणारे ठोसे आवरते घ्यायचे, पोटाबरगड्यांवरचे मात्र बऱ्यापैकी खरे मारायचे, असा अलिखित करार. शेवट एकच नव्हता. कोण कसा पडतो याचे अनेक प्रकार टिपून ठेवले होते. त्यातला कुठला वापरायचा, हे म्हणे कॉम्प्युटर ठरवणार होता.

अली ऐन भरात असताना माइक टायसन समोर आला असता तर, डेम्प्सी विरुद्ध फ्रेझियर झाली असती तर, असल्या, वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांच्या जोडी लावणाऱ्या चर्चा आजही रंगतात आणि त्यांत कुणीतरी हमखास ‘कॉम्प्युटरनं काढलेला निकाल’ पुढे करतं. त्या निकालाची पाळंमुळं या मायामीच्या स्टुडिओत आहेत. पण वाद त्याहून बराच जुना.

हातमोजे घालून, तीन मिनिटांच्या फेऱ्यांनी हेवीवेटचं, म्हणजे सर्वांत जड गटाचं, जगज्जेतेपद ठरायला लागलं ते १८९२ पासून. त्या सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्सला जेम्स कॉर्बेटनं जॉन एल. सलिव्हनला २१ व्या फेरीत लोळवलं. कॉर्बेट २६ वर्षांचा, चपळ, अंगाला हात लागू न देणारा. सलिव्हन ३३ चा, दारूनं आणि खाण्यानं सुटलेला. सलिव्हनच्या भक्तांना पराभव पचेना. आमचा सलिव्हन दहा वर्षांपूर्वीचा असता तर, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. काल्पनिक लढतीचा सगळा खेळ या एका ‘असता तर’वर उभा आहे: माणूस हरला तरी त्याचा ऐन उमेदीतला अवतार अजिंक्यच राहतो.

१९१० मध्ये अमेरिकेनं हे ‘असता तर’ प्रत्यक्षात उतरवायचा हट्ट धरला. जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता. तो गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होता आणि त्याला हरवू शकेल असा गोरा समोर दिसत नव्हता. मग जेम्स जेफ्रीजची आठवण झाली. हा १९०५ मध्ये एकही लढत न हरता निवृत्त झालेला, कॅलिफोर्नियात शेती बघत बसलेला, अंगानं बेसुमार वाढलेला. वर्तमानपत्रांनी त्याच्यामागे धोशा लावला. अखेर ४ जुलै १९१० ला नेव्हाडातल्या रिनोच्या रणरणत्या उन्हात तो उतरला. ४५ फेऱ्यांची लढत १५ व्या फेरीत आटोपली. आयुष्यात कधी खाली न पडलेला जेफ्रीज त्या दिवशी पुन्हा पुन्हा पडला. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या आणि मेलेल्यांत बहुतेक काळेच होते.

या लढतीनंतरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जेफ्रीजनं स्वतःच सांगून टाकलं की, मी माझ्या भराच्या काळात असतो तरी जॉन्सनला हरवू शकलो नसतो. म्हणजे या खेळातल्या सर्वांत गाजलेल्या ‘असता तर’चं उत्तर खुद्द हरलेल्या माणसानंच दिलं होतं. ते कुणी ऐकलं नाही, हे पुढे दिसेलच.

यानंतर हा वाद चालवायचं काम क्रीडापत्रकारांकडे गेलं. १९२२ मध्ये नॅट फ्लायशरनं ‘द रिंग’ हे मासिक काढलं आणि पुढची पन्नास वर्षं बॉक्सिंगमध्ये त्याचा शब्द प्रमाण मानला गेला. त्याच्या सर्वकालीन हेवीवेट यादीत पहिला जॉन्सन, दुसरा जेफ्रीज, तिसरा फिट्झसिमन्स. २५ वेळा किताब राखणारा जो लुई थेट सहावा. ४९ पैकी ४९ लढती जिंकलेला मार्सियानो दहावा. आणि अली पहिल्या दहांत नाहीच. पोरवयात पाहिलेले पहिलवान कायम थोरच वाटतात, त्यातलाच हा प्रकार. आपल्याकडेही म्हातारे वस्ताद ‘आता कुठं तसले गडी’ असंच म्हणतात.

वजनाचा घोळ आणखी वेगळा. तालमीच्या कट्ट्यावर खाशाबा जाधव आणि मारुती माने यांची जोड लावून बघा. खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं ते ५७ किलोंच्या गटात. हिंदकेसरी मारुती माने म्हणजे आडदांड गडी. ही कुस्ती कागदावरसुद्धा लागत नाही. बॉक्सिंगवाल्यांनी यातून ‘पाउंड फॉर पाउंड’ ही पळवाट काढली. वजन बाजूला ठेवून निव्वळ कसब मोजलं तर श्रेष्ठ कोण? हे शब्द मुख्यतः शुगर रे रॉबिन्सनच्या नावाला चिकटले, कारण वेल्टरवेट आणि मिडलवेट या मधल्या वजनगटांतला रॉबिन्सन जो लुईला भिडणं शक्यच नव्हतं, आणि तरी लुईपेक्षा तो थोर आहे असं म्हणणारे पुष्कळ होते.

हेवीवेटमध्येही सगळे एका मापाचे नाहीत. डेम्प्सी आणि मार्सियानो दोघंही १९० पौंडांच्या आत-बाहेर लढले. आजच्या नियमांत २०० पौंडांपर्यंत क्रूझरवेट हा हेवीवेटच्या खालचा गट धरतात, म्हणजे हे दोघं आज हेवीवेट ठरलेच नसते. अलीकडचा जगज्जेता टायसन फ्युरी २७० पौंड वजन घेऊन रिंगमध्ये आला आहे.

त्यात नियमही बदलले. ४ जुलै १९१९ ला टोलेडोत डेम्प्सीनं आपल्यापेक्षा सुमारे ५५ पौंड जड असलेल्या जेस विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं. फिल्म बघताना लक्ष द्यायचं ते डेम्प्सीच्या पायांकडे. विलार्ड गुडघ्यावर असतो आणि हा त्याच्या डोक्याशी उभा. विलार्डचे हात जमिनीवरून सुटले रे सुटले की पुढचा ठोसा. त्या वेळी ते नियमात बसत होतं. आठ वर्षांनी, २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोत डेम्प्सीनं जीन टनीला तसंच पाडलं, तेव्हा समोरच्याला पाडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जायचं असा नियम लागू होता. डेम्प्सी सवयीनं तिथंच घुटमळला, तो कोपऱ्यात जाईपर्यंत पंचानं दहापर्यंतची मोजणी सुरूच केली नाही. टनीला चार-पाच सेकंद जास्तीचे मिळाले, तो उठला आणि जिंकला. आता डेम्प्सी विरुद्ध अली लावायची तर कुठल्या सालच्या नियमांनी? फेऱ्या किती, ४५ की १५ की आजच्या १२? हे न ठरवता भाकीत करणारे लोक मला टॉस न करता क्रिकेट खेळणाऱ्यांसारखे वाटतात.

जुन्या फिल्मचीही एक गंमत आहे. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला सोळा-अठरा चित्रं. तीच रिळं पुढे चोवीसच्या गतीनं दाखवली की माणसं तुरुतुरु पळतात, हास्यास्पद दिसतात. जॉन्सनचा संथ, नेमका बचाव त्यात हरवून जातो. त्याच्याबद्दलची कित्येक मतं अशा चुकीच्या गतीच्या फिल्म बघून बनली असणार.

आता कॉम्प्युटर. १९६७ मध्ये मायामीचा रेडिओ-निर्माता मरी वोरोनर यानं १६ हेवीवेटांची सर्वकालीन स्पर्धा काढली. अडीचशेच्या आसपास बॉक्सिंग लेखक-जाणकारांना प्रश्नावल्या धाडल्या: प्रत्येक मल्लाचा वेग किती, ठोशाचा जोर किती, मार सोसायची ताकद, कातडी फाटण्याची शक्यता, जिगर. उत्तरांचे आकडे एनसीआर ३१५ या यंत्रात भरले. एनसीआर म्हणजे दुकानांतली गल्ल्याची यंत्रं बनवून मोठी झालेली कंपनी. यंत्रातून फेरीगणिक ठोसे बाहेर पडायचे, त्यांवर निवेदक धावतं वर्णन करायचा आणि ते देशभरातल्या रेडिओ केंद्रांवरून लागायचं. लोक खरी लढत ऐकावी तसे ऐकत बसायचे. अंतिम फेरीत मार्सियानोनं डेम्प्सीला १३ व्या फेरीत बाद केलं.

अली? तो उपांत्यपूर्व फेरीतच हरला. आणि कुणाकडून, तर जेम्स जेफ्रीजकडून.

हा निकाल लागला त्या सालाकडे बघायला हवं. एप्रिल १९६७ मध्ये अलीनं व्हिएतनामसाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता. किताब काढून घेतला, परवाना रद्द, न्यायालयात शिक्षा झालेली, अपील चालू. कित्येक वर्तमानपत्रं त्याला अजून कॅसियस क्ले या जुन्या नावानंच ओळखत होती. अशा वेळी अडीचशे पत्रकारांनी त्याला गुण दिले आणि जॉन्सननं रिनोत धूळ चारलेल्या माणसानं त्याला हरवलं. त्यांनी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही, त्याची गरजही नव्हती. यंत्रानं फक्त बेरीज केली; बेरजेत काय घालायचं ते माणसांनीच ठरवलं होतं. अलीनं दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला. प्रकरण दहा हजारांच्या आसपास मिटलं आणि तडजोडीतच ठरलं की अलीनं मार्सियानोबरोबर चित्रित लढत करायची. तोवर ना अली कधी हरला होता, ना मार्सियानो. कमाई बंद असलेल्या अलीला पैशाची नड होतीच.

तर पुन्हा तो स्टुडिओ. मार्सियानोची उंची जेमतेम ५ फूट १० इंच, अलीपेक्षा बरीच कमी. हातांचा पल्ला तर दहा-अकरा इंचांनी तोकडा. अलीचा एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टोपाला लागला आणि टोप उडाला, अशी आठवण सांगतात. चित्रीकरणात दोघांची मैत्री जमली. चित्रीकरण आटोपून काही आठवडे होताहेत तोच, ३१ ऑगस्ट १९६९ ला आयोवामध्ये छोट्या विमानाच्या अपघातात मार्सियानो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता.

२० जानेवारी १९७० ला सुमारे दीड हजार थिएटरांत ही ‘सुपर फाइट’ एकाच रात्री दाखवली. अमेरिकन प्रेक्षकांनी पाहिलं ते असं: रक्तबंबाळ मार्सियानो १३ व्या फेरीत अलीला झोपवतो. नुकताच गेलेला गोरा अजिंक्यवीर आणि बंदी घातलेला काळा बंडखोर, यांत थिएटरमालकांना कुठला शेवट सोयीचा होता हे सांगायला यंत्र लागत नव्हतं. अली म्हणाला, तो कॉम्प्युटर अलाबामात बनवला असेल. अलाबामा म्हणजे वर्णद्वेषाचा बालेकिल्ला.

पुढे हा नाद घराघरांत शिरला. फासे आणि आकड्यांची पत्ती घेऊन खेळायचे बोर्डगेम १९७० च्या दशकात आले, त्यांचेच नियम नंतर कॉम्प्युटरवर चढले, आणि २००९ मध्ये ‘फाइट नाइट राउंड ४’ च्या वेष्टनावर अली आणि टायसन समोरासमोर उभे राहिले. आता हजार वेळा लढत खेळवून टक्केवारी काढता येते. मात्र वोरोनरसारखंच इथेही प्रत्येक मल्लाला आकडे कुणीतरी बसून दिलेले असतात.

आणि मल्लांची जोड आकड्यांच्या साखळीनं जुळत नाही. १९७३ ते ७४ बघा. फ्रेझियरनं अलीला हरवलेलं, केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडलेला. जॉर्ज फोरमननं फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवलं. सरळ त्रैराशिक मांडलं तर अलीचं काही खरं नव्हतं. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीनं दोरांना रेलून फोरमनला मारू देऊन देऊन दमवलं आणि आठव्या फेरीत खाली बसवलं. ही लढत झालीच नसती, तर आज जगातल्या प्रत्येक यंत्रानं ती फोरमनला दिली असती. मीसुद्धा दिली असती.

१९६७ च्या त्या प्रश्नावलीत अलीच्या नावापुढे एका मुद्द्यावर गुण द्यायला कुणाकडे आधारच नव्हता: मार सोसायची ताकद. २९ लढतींत त्याला धड हात लावू शकलेले दोघं-तिघं. १९६२ मध्ये सनी बँक्सनं पहिल्या फेरीत आणि १९६३ मध्ये लंडनच्या वेम्बलीत हेन्री कूपरनं चौथ्या फेरीच्या शेवटी पाडलं होतं, तेवढंच. या रकान्यात काय लिहायचं ते कळलं ते बंदी उठल्यावर, पाय मंदावल्यावर. १९७१ मध्ये फ्रेझियरचा तो डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, खाऊन क्षणात उठला तेव्हा, किन्शासात, आणि १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात, जिथे १४ फेऱ्यांनंतर फ्रेझियरच्या कोपऱ्यातल्या मदतनिसांनी हार मानली तेव्हा अलीलाही स्टुलावरून उठवत नव्हतं. १९८० मध्ये लॅरी होम्सनं मारलेले ठोसेही त्यातच धरायचे. १९८४ मध्ये डॉक्टरांनी पार्किन्सनचं निदान केलं.