पार्श्वभूमी : बोट परत घेण्याची अट

डोनाल्ड क्राऊहर्स्टचा विषय निघाला की सांगलीत कुणीतरी हमखास म्हणतं, "तो खोटं ठिकाण कळवणारा ना?" आणि गप्पा तिथंच संपतात. एकट्यानं शिडाच्या बोटीतून, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची ती १९६८ ची शर्यत, तिच्यात क्राऊहर्स्टसह नऊ जण निघाले आणि एकच पोचला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण हळदपेठेत ज्यांचा जन्म उचल आणि तारण यांचा हिशोब करण्यात गेला, त्यांनी या गोष्टीतला करार आधी बघावा.

माणूस मूळचा इकडचाच म्हणायचा. जन्म १९३२ चा, गाझियाबादचा, वडील रेल्वेत. घरानं साठवलेली पुंजी खेळाच्या साहित्याच्या कारखान्यात घातली. १९४७ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतलं आणि कारखाना फाळणीच्या दंगलीत जळाला. पुढच्याच वर्षी वडील गेले. मुलगा हवाई दलात आणि नंतर सैन्यात गेला, पण दोन्हीकडून बाहेर पडला. मग त्यानं रेडिओच्या लहरींवरून बोटीला दिशा दाखवणारं, हातात मावणारं यंत्र काढलं, ‘नॅव्हिकेटर’. यंत्र बरं होतं, पण खप नव्हता.

धंद्यात पैसे घातलेला एक कॅराव्हॅन विक्रेता आपली रक्कम परत मागत होता. क्राऊहर्स्टनं त्यालाच पटवलं की बोटीला पैसे दे, शर्यत जिंकलो की यंत्र खपेल आणि तुझं जुनं येणंही सुटेल. बुडीत निघालेलं येणं वाचवायला नवी उचल देणं आपल्याकडेही नवं नाही. त्यानं दिली, पण अट घातली : मोहीम फसली तर क्राऊहर्स्टच्या कंपनीनं बोट विकत घ्यायची. वर घर आणि धंदा तारण.

या अटीवरून आजही दोन तट आहेत. काहींना तो सावकारी फास वाटतो. मला नाही वाटत. कुठल्याही अडत्यानं एवढी काळजी घेतलीच असती. पण तिचा परिणाम वाईट झाला. बाकीच्यांनी माघार घेतली तर फार तर हसं झालं असतं. याचं दिवाळं निघालं असतं.

निघायची शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर, आणि हा त्याच दिवशी निघाला. त्याची बोट ट्रायमरान, म्हणजे दोन्ही बाजूंना उलांडी (तोल सांभाळणारा तरंगता ओंडका) असलेली कोकणातली होडी समजा. एकदा उलटली की आपोआप सरळ होत नाही. म्हणून डोलकाठीच्या टोकाला आपोआप फुगणारी पिशवी लावायची होती. तिच्या तारा टाकल्या होत्या, पण जोडणी अपुरी होती. पंधरा दिवसांत बोटीत पाणी येऊ लागलं. १५ नोव्हेंबरला त्यानं वहीत सगळे दोष लिहून काढले; काही दुरुस्त्या जमल्या तरी जगण्याची शक्यता निम्मीच धरली. तरीही फिरला नाही. माझ्या मते गोष्ट इथंच ठरली. डिसेंबरात एका दिवसात २४३ सागरी मैल तोडल्याचा खोटा संदेश आला, तो याच दिवसाचं व्याज.

पुढचं थोडक्यात. दोन नोंदवह्या, एक खरी आणि एक कल्पनेतली. बराच काळ रेडिओ बंद. मार्च १९६९ मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर नियम मोडून दुरुस्ती. बेत असा की हळूच शेवटचा पोचायचं, म्हणजे वही कोणी तपासणार नाही. पण मागून हा येतोय या धास्तीनं पुढचा स्पर्धक बोट फार ताणत राहिला आणि २१ मे रोजी ती बुडाली. आता सर्वांत कमी वेळेचं ५,००० पौंडांचं बक्षीस यालाच मिळायचं, म्हणजे वही तपासली जाणार.

शेवटची नोंद १ जुलैची. १० जुलैला अटलांटिकमध्ये बोट सापडली, आत कोणी नव्हतं. २२ एप्रिललाच पोचलेल्या विजेत्यानं बक्षिसाची रक्कम क्राऊहर्स्टच्या बायकोमुलांना दिली. बोट जमैकात विकली गेली, मग आणखी काही हात फिरली. तिचा सांगाडा केमन ब्रॅक बेटाच्या किनाऱ्यावर पडून राहिला.