धावणे थांबल्यानंतरचा ग्रेहाउंड

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घरी आणला की तो दिवसभर अंगणात हुंदडत राहील, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हा कुत्रा दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो. ताशी 60 ते 70 किलोमीटरचा वेग आणि प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटणे, हे सारे अर्ध्या मिनिटाच्या धावेसाठी आहे. लातूर-उदगीर पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले कारवान आणि त्यांच्यातले लांब केसांचे पश्मी हेही नजरेने सावज हेरून पळणारेच कुत्रे असल्यामुळे, त्यांना घरात पाळणाऱ्यांनाही पुढील बरेचसे लागू पडते. रक्ताविषयीचे निष्कर्ष मात्र ग्रेहाउंडवरील मोजमापांतून आलेले आहेत आणि ते कारवानला जसेच्या तसे लावू नयेत.

या रक्ताचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे चूक झाली तर ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. स्नायूंना झटपट प्राणवायू मिळावा म्हणून ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा बरेच जास्त, साधारण 50 ते 60 टक्क्यांच्या घरात असते. त्यामुळे इतर कुत्र्यात ठीक वाटणारा 40 टक्क्यांचा आकडा ग्रेहाउंडमध्ये रक्तक्षयाची खूण ठरू शकतो. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणारे कण, मात्र मुळातच कमी असतात. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया या जिवाणूचा ताप सर्रास आढळतो आणि त्यातही प्लेटलेट घटतात, म्हणून केवळ त्या एका आकड्यावरून तापाचे निदान करणे किंवा ‘याच्यात कमीच असतात’ म्हणून दुर्लक्ष करणे, दोन्ही धोक्याचे आहे. भरपूर स्नायूंमुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम तपासण्यासाठी रक्तात मोजला जाणारा घटक) थोडे जास्त आणि थायरॉइडचे संप्रेरक कमी येणे हेही या कुत्र्यात स्वाभाविक असते. हे ठाऊक नसेल तर निरोगी जनावरावर मूत्रपिंडाचे किंवा थायरॉइडचे उपचार सुरू होऊ शकतात. निरोगी असतानाच एकदा तपासणी करून तो कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढे तुलना करता येते.

भुलीचेही असेच आहे. थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधांचे ग्रेहाउंडच्या यकृतात फार सावकाश विघटन होते आणि औषध सामावून घ्यायला अंगात चरबीही थोडीच असते, त्यामुळे जाग यायला कित्येक तास लागू शकतात. नसबंदीसारख्या साध्या शस्त्रक्रियेआधीही जातीची कल्पना डॉक्टरांना स्पष्ट द्यावी. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. शंका असल्यास तिथे विचारण्याचा संकोच करू नये.

उन्हाळा हा मराठवाड्यातला खरा कस. पळणारे स्नायू प्रचंड उष्णता निर्माण करतात, कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, आणि छोट्याशा शर्यतीनंतरही ग्रेहाउंडचे तापमान 41 अंशांच्या वर गेल्याचे आढळले आहे. एरवी ते 38-39 अंश असते. एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांवर गेलेला असताना त्याला पळवूच नये, पहाटे आणि रात्री उशिरा फिरवावे. दुपारी त्याला शहाबादी फरशी आवडते, पण कोपरांवर मांस नसल्याने कठीण फरशीवर घट्टे आणि जखमा होतात. झोपायला जाड वाकळ घातलेली बरी. थंडीत, विशेषतः डिसेंबरच्या पहाटे, चरबीअभावी हेच कुत्रे कुडकुडते.

शर्यतीचे कुत्रे बहुधा पिंजऱ्यांच्या रांगेत वाढलेले असते. जिना, काचेचे दार, मिक्सरचा आवाज त्याला नवे असतात आणि झोपेत कोणी अंगाला हात लावल्याचीही सवय नसते. काही कुत्री दचकून दात लावतात. घरातल्या लहान मुलांना एवढे शिकवावे की आधी दुरून हाक मारायची, ते जागे झाले की मगच जवळ जायचे.

एका सवयीशी मात्र झगडत बसू नये. लांब तोंडाच्या कुत्र्यांत दृष्टिपटलावरील पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजालगतची जराशी हालचालही ते टिपतात. शिवारात ससा किंवा करडू पळाले की पाठोपाठ हेही सुटते, आणि अशा वेळी हाक ऐकून परत येईल असे धरून चालणे चुकीचे आहे. सशाची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, शेजाऱ्याच्या शेळ्यांचे नुकसान वेगळेच. कुंपण नसलेल्या जागेत दोरी सोडू नये. ग्रेहाउंडचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसल्याने साधा पट्टा सहज निसटतो. ओढल्यावर थोडा आवळणारा रुंद पट्टा घ्यावा.